पान उलटायची जागा

पाळणाघराच्या प्रमुख अर्टेलबाई ट्रॉम्बोन वाजवतात हे मला कळायलाच नको होतं.

कळलं ते पाळणाघर पालकांना दाखवायच्या दिवशी. लाइपझिगच्या गोलिस भागातल्या आम्ही वीसेक आया आपापली पोरं काखोटीला मारून तिथे जमलो होतो. वरवर आम्ही वाळूचा हौद आणि झोपायच्या गाद्या बघत होतो, पण खरं म्हणजे एकमेकींकडे बघत होतो. सप्टेंबरमध्ये जागा किती रिकाम्या होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, फक्त त्या आपल्या संख्येपेक्षा कमी आहेत एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. एकीने रुबार्बचा केक आणला होता. एकीचा नवरा सुतार होता आणि तिला बागेतला झोका अचानक फार कुरकुरताना ऐकू येत होता. एक तर काहीच न आणता अर्टेलबाईंच्या प्रत्येक वाक्याला हसत होती, आणि मला तीच सगळ्यात धोक्याची वाटली. माझ्याकडे केक नव्हता, सुतार नव्हता, आणि माझी टिल्डा त्या क्षणी दुसऱ्या एका उमेदवाराचा कान चावत होती.

अशा अवस्थेत कपाटावर ठेवलेली अर्टेलबाईंच्या ट्रॉम्बोनची लांबुळकी काळी पेटी मला दिसली. तिच्यावर नोटेशनचं एक पान पडलं होतं. पान कसलं, प्रतीच्या प्रतीची प्रत, त्यावर कॉफीची गोल मोहोर आणि कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं 'इथे जागे व्हा'. मी अर्टेलबाईंना म्हटलं, "किती वाईट अवस्था झालीय हो या पानाची. मी नवीन करून देऊ का?"

रुबार्बचा केक एका क्षणात शिळा झाला.

माझा धंदाच तो आहे. मी एका संगीत-प्रकाशकाकडे नोटेशन मांडते. संगीत दुसऱ्याच कुणीतरी आधी लिहिलेलं असतं, आपण ते कागदावर अशा बेताने बसवायचं की वाजवणाऱ्याला ते कुणी बसवलंय याचा पत्ताही लागू नये. स्वराची दांडी वर काढायची की खाली, कमान कोणत्या टिंबाच्या डोक्यावरून न्यायची, दोन टिंबांत हवा किती सोडायची, यावर आमच्या लाइपझिगमध्ये माणसांनी आयुष्यं काढली आहेत, काहींनी लग्नं मोडली आहेत. सध्या मी बाळंतपणाच्या रजेवर होते. प्रकाशकाने अत्यंत गोड शब्दांत कळवलं होतं की सप्टेंबरात मी खुर्चीवर नसेन तर खुर्ची रिकामी ठेवणं त्यांना जड जाईल. म्हणजे टिल्डाला पाळणाघरात जागा, तर मला कचेरीत जागा. नाही तर दोघींनी घरातल्या गालिच्यावर बसून ठोकळे रचायचे. मला ठोकळ्यांचा तिरस्कार नाही, पण टिल्डाला माझी रचना पसंत पडत नाही.

काम अगदी किरकोळ होतं. आमच्या भागातल्या हौशी वाद्यवृंदाचा वर्धापनदिन जवळ आला होता, आणि त्यात ट्राउगॉट लोसे यांचा 'उत्सवप्रवेश' व्हायचा होता. हे लोसे दीडशे वर्षांपूर्वी इथल्या शाळेत गाणं शिकवायचे. गोलिसच्या बाहेर त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि गोलिसमध्ये त्यांच्याविषयी वेडंवाकडं बोललेलं चालत नाही. या रचनेची सगळी कीर्ती तिच्या मधोमध असलेल्या एका शांततेवर उभी आहे. नोटेशनमध्ये दोन उभ्या रेघांमधल्या जागेला आपण घर म्हणू. लोसे यांनी भरगच्च गदारोळानंतर एक अख्खं घर रिकामं सोडलंय, सगळ्या वाद्यांना एकाच वेळी. त्या घरात कंडक्टर हात वर धरून उभा राहतो आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते. गोलिसमध्ये म्हाताऱ्या बायका ती शांतता ऐकायला म्हणून येतात.

ट्रॉम्बोन आमच्या वाद्यवृंदात एकच, आणि त्याला कामही बेताचं. सुरुवातीला थोडा गडगडाट, मग रिकाम्या घरांची लांबच लांब आळी, आणि शेवटाजवळ एक प्रचंड स्वर. मी अर्टेलबाईंना विचारलं, इतकी रिकामी घरं मोजता कशी. त्या म्हणाल्या, मोजायचं कशाला, कळतं ते. त्या मोजत नाहीत आणि तरी कधी चुकत नाहीत, ही मी संगीतातली परिपक्वता समजले.

टिल्डाच्या दुपारच्या झोपांमध्ये मी ते पान केलं. टिंबं ठसठशीत, आकडे ठळक, आणि मुख्य म्हणजे सगळं समोरासमोरच्या दोन पानांवर. बाईंना एकदाही पान उलटावं लागू नये. केकवालीला हे सुचलं नसतं.

इथेच थांबले असते तर आज मी शहाणी म्हणवले असते. पण पुढच्या तालमीत कंडक्टर झाल्ट्सर म्हणाला, "ट्रॉम्बोनच्या आधी चार घरं, तिथून घेऊ," आणि अर्टेलबाईंनी अभिमानाने घराचा छापील क्रमांक सांगितला. बाकी कुणाच्या पानावर क्रमांकच नव्हते. कुणाकडे जागा दाखवणाऱ्या अक्षरखुणा होत्या, त्याही एकमेकांशी जुळत नव्हत्या, कारण बासवाल्यांची प्रत युद्धाआधीची आणि बासरीवाल्यांची कुणाच्या तरी आत्याने उतरवलेली. गेली कित्येक वर्षं हे लोक 'ते जिथे उतारावर येतं तिथून' अशा भाषेत सुखाने वाजवत होते. आता एकाच पानावर क्रमांक आल्यामुळे बाकीच्यांना आपण बेघर आहोत असं वाटू लागलं.

हेम्पेलसाहेब आमच्या वाद्यवृंद-मंडळाचे अध्यक्ष. बांधकाम-परवाना खात्यातून ते निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी चेलोचा गज खाली ठेवला आणि सांगितलं की मंडळाच्या घटनेप्रमाणे सर्व सभासद समान आहेत. एका सभासदाला नवं पान आणि बाकीच्यांना जुनं, हे घटनेत बसत नाही. एक तर सगळ्यांना नवी पानं, नाही तर ट्रॉम्बोनचं पानही परत घ्यावं. अर्टेलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सप्टेंबर होता. मी म्हटलं, सगळ्यांची करते, त्यात काय.

त्यात काय ते सभेत कळलं. सभा बोलावली होती ती 'नोटेशनविषयक सर्वसाधारण संकेत ठरवण्यासाठी'. घरांचे क्रमांक प्रत्येक ओळीच्या आरंभी द्यायचे की दर पाच घरांनी, यावर कॉफी थंड झाली. क्रमांकाभोवती चौकट काढायची की गोल, यावर बिस्किटं संपली. मग अक्षरखुणा. आमच्या धंद्यात 'आय' आणि 'जे' ही मोठी रोमन अक्षरं दिसायला सारखी म्हणून 'जे' गाळतात, हा शंभर वर्षांचा रिवाज. तो मी सहज सांगितला आणि दुसऱ्या व्हायोलिनमधल्या युट्टाबाई ताठ बसल्या. त्यांचं नाव उच्चारात यु असलं तरी लिहिताना त्याच अक्षराने सुरू होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच तेवढी गाळण्यासारखी?" मतदान झालं. अक्षर राहिलं. ज्या कुणी शंभर वर्षांपूर्वी हा रिवाज पाडला त्याला युट्टाबाई भेटल्या नव्हत्या.

नंतर टिंबांचा आकार. चष्मेवाल्यांना मोठी टिंबं हवी होती, आणि मोठी टिंबं म्हणजे जास्त पानं. कमी पानं हवी असणाऱ्यांना बारीक टिंबं चालत होती, पण ते सगळे चष्मेवालेच निघाले. कागद जाड असावा हे एकमताने ठरलं, कारण पातळ कागदातून मागचे स्वर दिसतात आणि एकदा ओबोवाल्याने ते वाजवलेही होते. लगेच एका गटाने तो पुनर्वापराचा असावा अशी सूचना आणली. जाड आणि पुनर्वापराचा असा जो कागद मिळाला तो हातात घेतला की पत्र्यासारखा वाजायचा. पर्यावरणाचा प्रश्न असल्यामुळे त्याच्या आवाजाविषयी कुणी बोललं नाही.

छापखान्यात वेगळीच तऱ्हा. नोटेशनचा कागद कचेरीच्या कागदापेक्षा थोडा मोठा लागतो, नाही तर उभं राहून पाहिल्यावर स्वर मुंग्यांसारखे दिसतात. छापखान्यातल्या इसमाने मला शांतपणे सांगितलं की असं माप अस्तित्वात नाही. मी घरून नेलेलं पान त्याला दाखवलं. त्याने ते मोजलं, परत दिलं, आणि हे पान चूक आहे म्हणाला. छपाईच्या अनुदानासाठी ज्या कचेरीत गेले तिथल्या बाईंना 'प्रकाशनाची भाषा' हा रकाना रिकामा चालत नव्हता. मी म्हटलं, यात शब्द नाहीत, स्वर आहेत. त्या म्हणाल्या, मग भाषांतराची जोडपत्रं लागतील. टिल्डाने तेवढ्यात त्यांच्या शिक्क्याची शाई चाखली, म्हणून प्रकरण लवकर आटोपलं आणि अनुदान राहूनच गेलं. माझा नवरा रुबेन शांत स्वभावाचा आहे. तो एवढंच म्हणाला, "हेनी, जुनीच पानं इस्त्री केली तर?" मी त्याला पुढचे दोन दिवस फक्त टिल्डामार्फत निरोप दिले.

पण मंडळींचा खरा सल म्हणजे पान उलटणं. तंतुवाद्यांत एका स्टँडवर दोघं बसतात. बाहेरच्याने वाजवत राहायचं आणि आतल्याने पान उलटायचं, अशी जगरहाटी आहे. युट्टाबाई आतल्या. त्या मला एका बाजूला घेऊन म्हणाल्या की 'उत्सवप्रवेशा'त सर्वात गोड जी ओळ आहे ती त्यांनी अकरा वर्षांत एकदाही वाजवलेली नाही, कारण नेमकी तेव्हा त्यांचा हात पानावर असतो. डोळ्यांत पाणी होतं. मग बाकीचे आतले आले. प्रत्येकाची एक न वाजवलेली ओळ होती. एवढा मोठा अन्याय आपल्या भागात चालला आहे आणि आपण नुसत्या गाद्या बघत फिरत होतो, याची मला शरम वाटली.

आमच्या खालच्या मजल्यावर ग्रूलकाका राहतात. तरुणपणी ते धातूच्या पत्र्यावर ठोकून-कोरून नोटेशन करायचे, आता व्हायोला वाजवतात. संगणक आला आणि संगीत संपलं, असं त्यांचं मत आहे. हे ऐकवायला ते रोज वर येऊन माझ्या संगणकासमोर बसायचे. सोमवारी त्यांनी कमानी चपट्या करायला सांगितल्या, मंगळवारी कुणी चपट्या केल्या म्हणून संतापले. त्यांना मी युट्टाबाईंचं दुःख सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, नियम एकच. पान उलटायचं ते विरामात. वाजवणाऱ्याचा हात मोकळा असेल तिथेच पान संपलं पाहिजे." आणि चहा संपवून गेले.

आता प्रत्येक वाद्याचा विराम वेगळ्या ठिकाणी. व्हायोलिन गप्प तेव्हा बासरी चालू, बासरी गप्प तेव्हा चेलो. कुणाचं पान कुठे संपवावं याचा मी टिल्डाला भोपळा भरवता भरवता विचार करत होते, आणि चमचा हवेतच राहिला. सगळ्यांचे हात एकाच वेळी मोकळे असतील अशी एक जागा या रचनेत होतीच की. ट्राउगॉट लोसे यांनी ती जणू माझ्यासाठी सोडली होती.

पुढचे दिवस मी जे काम केलं ते मी आजही कुठल्याही परीक्षकासमोर ठेवीन. कुणाच्या ओळी दाबल्या, कुणाच्या सैल केल्या, चेलोला हवा दिली, ओबोची हवा काढली, आणि प्रत्येक वाद्याचं दुसरं पान त्या रिकाम्या घरापाशी आणून संपवलं. प्रत्येकाला पान उलटायचं ते फक्त एकदा, आणि तेही पूर्ण फुरसतीत. आतला नाही, बाहेरचा नाही, कुणाचा एक स्वर बुडणार नाही. हेम्पेलसाहेबांनी घटनेत समानता लिहिली होती, मी ती कागदावर करून दाखवली.

पानं वाटली तेव्हा युट्टाबाईंनी मला मिठी मारली. रंगीत तालीम एकच व्हायची होती, आणि तीही सभागृहाच्या चावीच्या घोळामुळे उशिरा सुरू झाली. झाल्ट्सरने घाईघाईत शांततेपर्यंतचा भाग घेतला, तिथे हात खाली केला आणि म्हणाला, पुढे थेट शांततेनंतरचं घर घेऊ. तेवढ्यात पानं उलटली गेली, पण लोक खोकत होते, खुर्च्या सरकवत होते. कुणीतरी विचारलं, आणि ते मधलं? झाल्ट्सर म्हणाला, "शांततेची कसली तालीम?" सगळे हसले. मीही हसले. अर्टेलबाई तेव्हा बाहेर चावीवाल्याशी बोलत होत्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. रुबेन मागे दाराजवळ झोपलेल्या टिल्डाला घेऊन उभा. माझ्या पुढच्या रांगेत अर्टेलबाईंच्या वृद्ध मातोश्री, आणि त्यांच्या शेजारी, अर्थातच, केकवाली. मी तिच्याकडे दयेने पाहिलं. वाद्यवृंद सुरू झाला आणि मला सांगायला हवं की तो त्या दिवशी चांगला वाजला. ओळी स्वच्छ होत्या, कुणी हरवत नव्हतं. युट्टाबाई त्यांच्या अकरा वर्षांच्या ओळीला आल्या आणि ती त्यांनी वाजवली, थोडी बेसूर, पण पूर्ण. मी रुमाल काढला.

मग गदारोळ चढत गेला, ढोल थडाथडा वाजले, आणि झाल्ट्सरने हात वर धरला. सभागृहाने श्वास रोखला. म्हाताऱ्या बायकांनी डोळे मिटले.

आणि त्या अथांग शांततेत चाळीसेक जाड, पुनर्वापराची पानं एकदम उलटली.

तो आवाज मी कसा सांगू. तळ्यावरची सगळी बदकं एकदम उठावीत, किंवा छपरावरून बर्फाची लादी घसरून अंगणात यावी. म्हाताऱ्या बायकांचे डोळे फटाफट उघडले. झाल्ट्सरचा हात वरच राहिला. लोकांना वाटलं संपलं असेल, एक-दोघांनी टाळी वाजवून परत घेतली. तरीही, एवढ्यावर भागलं असतं तर मी ते निभावून नेलं असतं. झाल्ट्सर शहाणा होता, तो हात तसाच धरून उभा राहिला, सळसळ विरत गेली, आणि खरीखुरी शांतता येऊ लागली.

तिच्यात अर्टेलबाई ताठ बसल्या, छाती भरून श्वास घेतला आणि शेवटाजवळचा तो प्रचंड स्वर एकट्याने वाजवला.

बंद गोठ्यातून गाय हंबरावी तसा तो स्वर सभागृहभर फिरला, भिंतींना लागून परत आला, आणि तोवर त्या वाजवतच होत्या, कारण पानावर त्याची लांबी तेवढी होती. मी स्वतः मांडली होती. मागे टिल्डा जागी झाली आणि तिने बरोबर त्याच पट्टीत साथ धरली.

'उत्सवप्रवेश' कसाबसा पार पडला. टाळ्या भरपूर पडल्या, त्यांत सुटकेचा भाग मोठा होता. मध्यंतरात मंडळाची तातडीची बैठक कोट टांगायच्या खोलीत भरली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. आतून ग्रूलकाकांचा आवाज येत होता, "मी विरामात म्हणालो, एकाच विरामात नव्हे." केकवाली प्रसाधनगृहाकडे जाताना माझ्याकडे पाहून गोड हसली. मी मनातल्या मनात खुर्चीचा, सप्टेंबरचा आणि कचेरीतल्या खिडकीचा निरोप घेतला. ठोकळ्यांचे कोणते रंग टिल्डाला आवडतात ते आठवायचा प्रयत्न करू लागले.

आत बोलावलं तेव्हा सगळे कोटांमध्ये उभे होते. युट्टाबाई तेवढ्या माझ्याकडे प्रेमाने बघत होत्या. अर्टेलबाईंचा चेहरा अजून लाल होता.

"नोआकबाई, मी वीस वर्षं घरं मोजलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "समोरच्या व्हायोलिनवाल्या शेवटचं पान उलटतात, तेव्हा मी श्वास घेते आणि वाजवते. आजवर ते पान माझ्या स्वराच्या अगदी आधी यायचं. तुम्ही ते उचलून कुठे नेऊन ठेवलंत ते सगळ्यांनी ऐकलं. माझ्या आईनेसुद्धा."

मी माफी मागायला तोंड उघडलं. हेम्पेलसाहेबांनी हात वर करून मला थांबवलं, ठराव अजून सांगून व्हायचा होता.

अर्टेलबाई म्हणाल्या, "पाळणाघराच्या जागा शहराचा संगणक ठरवतो. केक आणा की आणू नका. माझ्या हातात फक्त एक जागा असते, तातडीची गरज असेल तर द्यायची. तुमच्या टिल्डाची गरज तातडीची आहे असं मंडळाचं मत पडलं."

"टिल्डाची?" मी विचारलं.

"आमची," हेम्पेलसाहेब म्हणाले. "पुढे नाताळचा कार्यक्रम आहे. तुम्ही सप्टेंबरात घरी रिकाम्या असलात तर त्याचीही पानं करून द्याल. तुम्ही पुन्हा नोकरीला लागणं सार्वजनिक हिताचं आहे."

मग त्यांनी रीतसर हात वर करायला सांगितले. ग्रूलकाकांचा हात सगळ्यांत उंच होता.

मी आभार मानले. अपमान झाला असताना आभार कसे मानायचे याचा काही संकेत ठरलेला नाही, म्हणून मी मान किंचित वाकवली, सभागृहात टांगलेल्या तसबिरीत लोसे जशी वाकवतात तशी, आणि बाहेर आले. रुबेन दाराशी टिल्डाला थोपटत उभा होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने काही विचारायचं धाडस केलं नाही, म्हणून मीच सांगितलं की जागा मिळाली.

त्याला खरंच आनंद झाला. तो म्हणाला, "एवढं सगळं होऊन? म्हणजे तुझ्या कामाची कदर आहे त्यांना."

"एकमताने," मी म्हटलं, आणि टिल्डाला घेतलं.